वास येईनासा होतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यासाठी नाक आणि वास हा विषय दिला होता. घाण वासांच्या तक्रारी येतील अशी अटकळ होती आणि त्या आल्याही. पण वास न येण्याबद्दलची पत्रंही बरीच निघाली. कुणाचा वास सर्दीत गेला, कुणाचा वयानं, कुणाला येत होता तो मध्येच थांबला म्हणून हायसं वाटलं. या शेवटच्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर दिलं आहे.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी ताप आणि सर्दी झाली. सर्दी गेली, पण वास परत आला नाही. फोडणी करपली तरी कळत नाही. आता पंधरा दिवसांपासून कॉफीला आणि परतलेल्या कांद्याला जळक्या रबरासारखा सडका वास येतोय. जेवण नकोसं झालंय. हे बरं होतं का? (एक गृहिणी, शहापूर, बेळगाव)

ताई, आधी धीराची गोष्ट सांगतो. काहीच येत नव्हतं तिथं आता वेडावाकडा का होईना वास येतोय, हे बहुतेक वेळा मज्जातंतू पुन्हा जोडले जात असल्याचं लक्षण असतं.

नाकाच्या पोकळीत पार वर, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, पोस्टाच्या तिकिटाएवढा पिवळसर पडदा असतो. वास घेणाऱ्या लाखो पेशी त्यात असतात. माणसात या पेशींवर साधारण ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे वासाचे कण पकडणारे रेणू, असतात आणि एका पेशीवर त्यातला एकच प्रकार. ही गोष्ट उलगडणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांचा मूळ शोधनिबंध १९९१ सालचा, त्यासाठी नोबेल मिळालं २००४ साली. कॉफीचा वास हा एकटा सूर नाही. त्यात शेकडो रसायनं असतात आणि ती एकाच वेळी कितीतरी ग्राहकांना जागं करतात, जणू पेटीच्या अनेक पट्ट्या एकदम दाबल्या. सर्दीच्या विषाणूनं काही पट्ट्या मोडल्या की उरलेल्यांतून येतो तो सूर मेंदूला ओळखू येत नाही आणि तो त्याला घाण समजतो. कॉफी, परतलेला कांदा, लसूण, अंडं, भाजलेलं मटण यांच्यात गंधकाची अतितीव्र रसायनं असतात, म्हणून हेच पदार्थ आधी बिघडतात.

वासपेशी तळातल्या मूळपेशींपासून पुन्हा तयार होत राहतात. शरीरातल्या फार थोड्या चेतापेशींना हे जमतं. नव्या पेशीचा धागा चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूपर्यंत जाऊन योग्य जागी जुळावा लागतो. त्याला महिने लागतात, आणि सरावानं मदत होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली हा सराव मांडला. त्यात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, १२ आठवडे घ्यायचे असतात.

घरी असं करा. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या चार लहान बाटल्या घ्या, जॅमच्या चालतील. तळाशी कापसाचा बोळा ठेवून त्यावर एकेका शुद्ध तेलाचे १५-२० थेंब टाका : लवंगतेल, निलगिरी तेल, गुलाबाचं अत्तर आणि लिंबाचं तेल. लिंबाचं न मिळालं तर गवती चहाचं चालेल. बाटलीवर नाव चिकटवा. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री झोपण्याआधी बाटली नाकाखाली दोन बोटं अंतरावर धरा आणि १५-२० सेकंद हलके, तुटक श्वास घ्या. भसकन ओढायचं नाही. तेवढा वेळ लवंगच मनात आणायची : पुलावात दाताखाली आली की कशी लागते, दातदुखीला लावली की कशी लागते. मग अर्धा मिनिट थांबून पुढची बाटली. वहीत रोज ० ते १० असा एक आकडा मांडा. तेल दोन-तीन महिन्यांनी बदला. १२ आठवड्यांनी चार नवे वास घेतलेत तर उत्तम, उदाहरणार्थ वेलची, संत्र्याची साल, पुदिना, आलं.

हे फसतं ते बहुतेक तिसऱ्या आठवड्यात. काहीच वाटत नाही म्हणून बाटल्या कपाटात जातात. पहिल्या महिन्यात आकडा शून्यच राहिला तरी सराव सोडू नका. काहींना सहा महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. निलगिरी तेल पोटात गेलं तर लहान मुलांना विषबाधा होते, म्हणून बाटल्या उंचावर ठेवा.

सराव सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवाच. नाकात मांस वाढलंय का, सायनस भरलाय का, हे दुर्बिणीनं पाच मिनिटांत कळतं आणि त्याचे उपचार वेगळे असतात. एकाच नाकपुडीचा वास गेला असेल, रक्त येत असेल किंवा डोक्याला मार लागल्यावर हे सुरू झालं असेल तर थांबू नका. नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांहून जास्त वापरले की नाक उलट जास्त चोंदतं. जस्त घातलेलं कुठलंही औषध नाकात घेऊ नका, त्यानं वास कायमचा गेल्याची उदाहरणं आहेत. मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं तर चालतं : उकळून कोमट केलेल्या २४० मिलि पाण्यात २ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम सपाट अर्धा. नळाचं कच्चं पाणी नको.

जेवणाचं म्हणाल तर ते गार करून खा. वाफ कमी की वास कमी. दहीभात, काकडी, पोहे भिजवून, गार दूध, फळं. काही दिवस कांदा-लसणाची फोडणी बंद. चव येत नाही म्हणून मीठ आणि साखर वाढवायचा मोह आवरा, कारण खारट-गोड जिभेला कळतंच, हरवलेला असतो तो वास.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी रात्री स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. पाच-दहा मिनिटांनी तो आपोआप गेला, म्हणून झोपलो. सकाळी शेजारच्या वहिनी आल्या आणि दारातच म्हणाल्या, केवढा वास मारतोय! असं कसं झालं? (चिकोडी)

गॅस गेला नव्हता. तुमचं नाक गप्प बसलं होतं.

एकच वास सतत येत राहिला की नाकातल्या पेशी काही मिनिटांत त्याची वर्दी देणं कमी करतात आणि मेंदूही तिकडे दुर्लक्ष करतो. एरवी हे सोयीचं असतं, नाहीतर स्वतःच्या अंगाचा, कपड्यांचा वास दिवसभर आला असता. गॅसच्या बाबतीत मात्र ही सवय घात करते. वहिनी बाहेरच्या हवेतून आल्या, त्यांचं नाक ताजं होतं.

सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. त्यात इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम घालतात. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी बिनवासाचा नैसर्गिक वायू शाळेत साठून स्फोट झाला, जवळजवळ ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास देण्याची सक्ती पसरत गेली. हवेत सुमारे दोन टक्के गॅस झाला की तो पेट घेऊ शकतो. त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच वास यावा इतकं मर्कॅप्टन घातलेलं असतं. म्हणजे वास आला तेव्हा तुमच्या हातात वेळ असतो.

तो वेळ असा वापरायचा. पेटतं असेल ते विझवा. दिव्याचं बटण लावू नका आणि चालू असेल तर बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा उडते. रेग्युलेटरची कळ बंद करा, रेग्युलेटर काढून टाकीला पांढरी टोपी बसवा. दारं-खिडक्या उघडा. गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो, तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे वरची झडप उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. पंखा लावू नका. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा, हा क्रमांक चोवीस तास चालतो. वास थांबला असं वाटलं तर बाहेर मोकळ्या हवेत पंधरा मिनिटं उभं राहून मग दारातून हुंगा, किंवा बाहेरून आलेल्या कुणाला विचारा.

गळती शोधायची ती साबणाच्या फेसानं. नळीवर आणि दोन्ही टोकांच्या जोडावर फेस लावला की बुडबुडा फुगतो. काडी ओढून बघणारे अजून आहेत, त्यांना अडवा. नळी पाच वर्षांनी बदलायचीच, वरून चांगली दिसत असली तरी.

टाकी संपत आली की वास उग्र होतो, तुमच्याही ध्यानात आलं असेल. गॅस आधी उडतो आणि मर्कॅप्टन सावकाश, म्हणून तळाशी उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. तरीही "टाकी संपत आली असेल" म्हणून सोडून देऊ नका, फेस लावून बघा.

प्रश्न : माझी आई तीस वर्षं विड्या वळते. आम्ही भावंडं घरी आलो की तंबाखूचा भपकारा येतो, तिला काहीच येत नाही. अलीकडे भाजी आंबली तरी तिला कळत नाही. ही सवय की आजार? (निपाणी)

दोन्ही असू शकतं, आणि ते घरच्या घरी वेगळं करता येतं. आईला दोन-तीन दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या, त्या काळात तंबाखू नाही, मिश्री नाही. परत गेल्यावर उंबऱ्यातच तिला विचारा. तंबाखूचा वास आला तर ती नुसती सवय होती. नाही आला, आणि हिंग, कॉफी, वेलची असे वासही डोळे मिटून एकेका नाकपुडीनं ओळखता आले नाहीत, तर वास खरंच कमी झाला आहे. भाजीचं तुम्ही लिहिलंय त्यावरून आम्हाला दुसरी शक्यता जास्त वाटते. तंबाखूच्या बारीक धुळीनं नाकाचं अस्तर वर्षानुवर्षं सुजतं. मिश्री किंवा तपकीर असेल तर त्यात भर पडते. तज्ज्ञांना दाखवा.

काम सुटणारं नसेल तर दारात किंवा ओसरीवर, वारा पाठीकडून येईल असं बसून वळावं, नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क असावा (पदराची घडी धूळ अडवत नाही), आणि पाला भिजवलेल्या ओल्या हातांनी जर्दा कालवू नये, कारण ओल्या कातडीतून निकोटिन अंगात जातं. काम संपलं की साबणानं हात, मिठाच्या पाण्यानं नाक. जर्दा झोपायच्या खोलीत ठेवू नका.

प्रश्न : वडिलांचं वय ७४. सहा महिन्यांपासून वास येत नाही म्हणतात, पण मिरची भाजली की सगळ्यांच्या आधी तेच खोकतात. मग वास येत नाही कसं म्हणायचं? (भालकी)

ते खरंच सांगताहेत. मिरचीचा ठसका हा वास नव्हे. संकेश्वरी मिरची तव्यावर पडली की तिच्यातलं कॅप्सेसिन हवेत उडतं आणि नाका-घशातल्या चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेला झोंबतं. ही नस वेगळी, वासाची वेगळी. अमोनियाची झणझण, मेंथॉलचा गारवा हेही त्या दुसऱ्या नसेचं काम. म्हणून बाम हुंगायला देऊन "बघा, कळतंय की" असं म्हणू नका.

वयानुसार वास कमी होतोच. रिचर्ड डोटी यांनी १९८४ साली अमेरिकेत केलेल्या पाहणीत ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांचा वास बराच कमी झालेला होता, ऐंशीच्या पुढे चारांत तिघांचा. बहुतेकांच्या बाबतीत ते वयाचंच असतं. पण पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो. त्यामुळे चार गोष्टी आठवून बघा : झोपेत ओरडणं किंवा लाथा झाडणं, जुनं बद्धकोष्ठ, अक्षर बारीक होत जाणं, चालताना एक हात न हलणं. यातल्या एक-दोन असतील तर मेंदूविकार तज्ज्ञांकडे जा आणि वास गेल्याचं आपणहून सांगा.

घरात दोन बदल आजच करा. गॅस कळवणारं यंत्र बसवा, टाकीच्या गॅससाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर, नळाच्या गॅससाठी छताजवळ, कारण तो वायू हलका. आणि उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा. दूध हुंगून ठरवायचं नाही, थोडं उकळून बघायचं.

प्रश्न : शेतातल्या शौचखड्ड्याचं झाकण काढलं तेव्हा सडक्या अंड्यांचा भयंकर वास आला, थोड्या वेळानं बंद झाला. आता उतरून गाळ काढायला हरकत नाही ना? (गोकाक)

उतरू नका. कुणालाही उतरवू नका.

तो वायू हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या दहा कोटी भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतो. पण दहा हजारांत एक भाग झाला की वासाची नसच बधिर होते. म्हणजे वास थांबण्याचे अर्थ दोन : वायू गेला, किंवा प्राणघातक पातळीकडे निघाला. नाकानं यातला फरक सांगता येत नाही. हजारात एक भागाला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. झाकण उघडून तासभर थांबलं तरी उपयोग नाही, कारण वायू गाळात अडकलेला असतो आणि पाय किंवा फावडं लागलं की एकदम बाहेर येतो. दिवा सोडून बघणं तर त्याहून वाईट, आत मिथेनही असतो.

अशा खड्ड्यांत बऱ्याचदा एकामागून एक माणसं जातात, पहिल्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. कुणी आत पडलाच तर ११२ ला फोन करा, दूर उभं राहून पंख्यानं किंवा फवारणीच्या ब्लोअरनं आत हवा सोडा, दोर टाका, पण उतरू नका. उपसा पंपाच्या गाडीनंच करायचा. पुरेशा साधनांशिवाय माणसाला अशा खड्ड्यात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गोबरगॅसच्या टाकीला आणि मळीच्या हौदालाही हेच सगळं लागू.

प्रश्न : दरवर्षी घरचा बेळगाव बासमती ठेवतो. दिवाळीनंतर शिजवला की गल्लीभर घमघमाट, होळीपर्यंत नुसता भात. वास टिकवता येतो का? (खानापूर)

येतो, पूर्ण नाही पण बराचसा. या वासाचं मुख्य रसायन २-ॲसिटिल-१-पायरोलिन. पाण्याच्या हजार कोटी भागांत एक भाग असला तरी ते नाकाला कळतं. साध्या भातात एक जनुक या रसायनाचा कच्चा माल दुसरीकडे वळवतो. सुवासिक वाणांत तोच जनुक मोडलेला असतो, म्हणून माल शिल्लक राहतो आणि दाण्याला वास येतो. परसात लावतात त्या अन्नपूर्णेच्या पानात, मक्याच्या लाह्यांत, ताज्या पावाच्या कडेला हेच रसायन असतं. आणि हद्दीची खूण म्हणून वाघ मारतो त्या फवाऱ्यातही! कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधून काढलं. भीमगडच्या रानालगत राहणाऱ्यांना रानात भात शिजल्यासारखा वास आला तर शेजारी चूल आहे का ते आधी बघावं.

हे रसायन उडून जाणारं, उष्णतेनं लवकर जाणारं. म्हणून कापणीनंतर भात कडक उन्हात तापवू नका, पातळ पसरून सावलीत, वाऱ्यावर सावकाश वाळवा. ओलावा १४ टक्क्यांच्या आत आला की पुरे, दाताखाली दाणा कट्ट करून तुटतो. सगळा एकदम भरडून आणू नका. टरफलात वास टिकतो, तांदळात नाही. दीड-दोन महिन्यांपुरताच काढा आणि स्टीलच्या डब्यात काठोकाठ, घट्ट झाकणाखाली, चुलीपासून लांब ठेवा. गोणपाटात ठेवलेल्याचा वास सगळ्यात आधी जातो.

शिजवण्याआधी वीस-तीस मिनिटं भिजवा, म्हणजे शिजायला कमी वेळ लागतो आणि वास कमी उडतो. दोनदाच हलक्या हातानं धुवा. पाणी बेतानं घालून झाकण ठेवून शिजवा, पेज काढून टाकलीत तर वासही मोरीत जातो. विकत घेताना शंका आली तर मूठभर धुऊन बघा. वरून फवारलेला वास पाण्याबरोबर जातो. खरा वास कच्च्या तांदळाला मंद असतो आणि भात शिजताना वाढतो.

प्रश्न : आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळतच नाहीत. सुगंधी साबण, सॉफ्टनर सगळं करून पाहिलं. अंगात घातले आणि घाम आला की पुन्हा कुबट वास. (जांबोटी)

तो वास ओलाव्याचा नाही, जिवाणूंचा आहे. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू आपल्या कातडीवर असतो, तिथून कपड्यात येतो, साध्या धुण्यातून आणि वाळण्यातूनही वाचतो. ओल मिळाली की घामा-तेलावर जगून एक आम्ल सोडतो, त्याचा तो वास. वाळल्यावर दबतो, घामानं पुन्हा उठतो. सॉफ्टनरचा मेणकट थर उलट त्याला खाणं पुरवतो आणि टॉवेलाची पाणी टिपायची ताकदही घालवतो. तो बंद करा.

सुती टॉवेल, चादरी, बनियन दहा मिनिटं उकळा. रंगीत सुती कपड्यांसाठी पाच लिटर ६० अंश पाण्यात, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या कढत, एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं) विरघळवून तासभर भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला रंग जातो का बघा. रेशीम, लोकर यांना हे चालत नाही. पांढऱ्या कपड्यांचं क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. मग वाळण्याचा वेळ तोडा : दोनदा पिळणी, कपड्यांत चार बोटं अंतर, खालून टेबलफॅन, आणि दमट असतानाच गरम इस्त्री.

निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून कपडे सुकवण्याची आपल्याकडे रीत आहे. बंद खोलीत ते करू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, डोकं दुखून झोप येते एवढीच सूचना. ओसरीवर करा.

प्रश्न : वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो तो कशाचा? (अथणी)

मुख्यतः जिओस्मिनचा, ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू तयार करतात. जोडीला उन्हाळाभर माती-दगडांनी शोषलेली वनस्पतींची तेलं. कोरड्या मातीवर थेंब आपटला की त्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, फुटतात आणि हा वास उडवतात. हलक्या सरींत हे जास्त होतं, मुसळधार पावसात कमी. या वासाला पेट्रिकोर हे नाव ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली दिलं. लाख कोटी भागांत पाच-दहा भाग एवढ्यानं आपल्याला जिओस्मिन कळतं. उन्हाळ्यात जलाशयाच्या पाण्याला मातकट वास येतो तोही बऱ्याचदा याचाच. तो अपायकारक नाही, सक्रिय कोळशाच्या गाळणीनं जातो.

प्रश्न : कारवारहून घाट चढून येणाऱ्या मासळीचा हिवस वास कसा घालवायचा? (कॅम्प, बेळगाव)

तो ट्रायमिथाइलअमाइनचा. ते अल्कधर्मी असतं, आंबट लागलं की त्याचं क्षार होतं आणि क्षार उडत नाही. आपल्या आगळाचं आणि चिंचेचं काम हेच. एक लिटर पाण्यात लिंबाएवढी चिंच कोळून, चमचाभर मीठ घालून तुकडे पाच ते दहा मिनिटं ठेवा, जास्त नको, मांस लिबलिबीत होतं. हात आणि विळी आधी गार पाण्यानं, मग लिंबाच्या सालीनं. कढत पाण्यानं वास चिकटतो.

मात्र आंबट लावायच्या आधी मासा पारखा. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटानं दाबलेला खळगा भरून येणारा हवा. चिंचेनं वास जातो, नासणं जात नाही. आणि बांगडा, सुरमई, कुप्पा यांचं आणखी एक आहे. हे मासे काही तास बर्फाबाहेर राहिले तर त्यांत हिस्टामिन साठतं. त्याला वास नाही, आणि शिजवून, तळून ते जातही नाही. विक्रेत्याच्या पाटीत मासा बर्फावर नुसता ठेवलाय की बर्फात पुरलाय ते बघा, पुरलेलाच घ्या. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लालबुंद झालं, ओठ चुरचुरले, अंगावर पित्त उठलं, डोकं ठणकलं तर डॉक्टरांकडे जाताना कोणता मासा खाल्ला आणि कधी, हे आठवणीनं सांगा.